रोग्याच्या शोधात विद्यार्थी, उपचाराच्या शोधात गाव

दौंड तालुक्यातील राहू हे मुळा-मुठेच्या खोऱ्यातील उसाचे आणि गुऱ्हाळांचे गाव. अशा गावातील शेतमजूर स्त्रीची दाढ ठणकू लागली की ती प्रथम लवंग धरते, मग मिश्री लावते आणि दुखणे असह्य झाले की दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याची किंवा पुण्याची वाट धरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचे पद सर्वसाधारणपणे नसतेच. नेमक्या त्याच वेळी शहरातील दंत महाविद्यालयाचा विद्यार्थी परीक्षेपूर्वी ठरावीक संख्येने दाढा काढण्याचा, भरण्याचा, कवळ्या बसविण्याचा ‘कोटा’ पुरा करण्यासाठी रोगी शोधत हिंडत असतो. प्रसंगी रोग्याचे प्रवासभाडेही तोच देतो. रोगी आला नाही तर त्याचे वर्ष धोक्यात येते.

दंतवैद्यक विद्यार्थ्यांच्या मानसिक ताणाची चर्चा आता होऊ लागली आहे, हे चांगलेच झाले. परंतु हा ताण म्हणजे कोवळ्या मनाचा दुबळेपणा, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. चार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता, तासन् तास वाकून काम केल्याने जडणारे मान-पाठीचे दुखणे, आणि या साऱ्यावर कर्जाचे ओझे. ऊसबिलाच्या भरवशावर मुलीला दंतवैद्य करू पाहणाऱ्या कुटुंबात तिचे नापास होणे ही केवळ तिची नामुष्की राहत नाही. ते घराचे दिवाळे ठरते.

याचे मूळ धोरणात आहे. 1983 पासून महाराष्ट्राने व्यावसायिक शिक्षणाची दारे विनाअनुदान संस्थांना उघडली. 1987 च्या कायद्याने देणगीशुल्कास बंदी घातली, 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरणाला वैधानिक आधार दिला. पण संस्थेचा खर्च विद्यार्थ्याकडूनच वसूल करावयाचा, हे तत्त्व कायम राहिले. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत व त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. पदवीधर वाढले, सरकारी पदे त्या मानाने वाढली नाहीत. मग कर्ज फेडण्यासाठी प्रत्येक जण शहरातच दवाखाना थाटतो आणि खेडे होते तेथेच राहते.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांतील मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. समुपदेशक नेमलेच पाहिजेत. मात्र समुपदेशक दुःख ऐकून घेईल. कर्जाचा हप्ता भरणार नाही, की रोगीही आणून देणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. रोगी उपलब्ध करून देणे ही महाविद्यालयाची जबाबदारी ठरवावी व संख्येऐवजी कौशल्य तपासावे. आंतरवासितेचा काही काळ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली ग्रामीण आरोग्य केंद्रांत, पुरेशा विद्यावेतनासह, घालविण्याची सोय करावी. मात्र तेथे खुर्ची, उपकरणे व निवासाची व्यवस्था आधी हवी. दंतवैद्यांची पदे निर्माण करून ती भरावीत. पैसा कोठून आणावा, हा प्रश्न विचारला जाईलच. तोंडाच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण असलेल्या तंबाखूवर सरकार कर घेतेच. त्यातील निश्चित वाटा या कामी राखून ठेवावा.

विद्यार्थ्याला रोगी मिळत नाही आणि रोग्याला वैद्य मिळत नाही. ही दोन दुःखे एकाच व्यवस्थेने निर्माण केली आहेत. ती निवारायची असतील तर शिक्षणाचा आणि आरोग्याचा खर्च समाजाने एकत्रितपणे उचलण्यावाचून गत्यंतर नाही.