रामपुरी कॅम्पचे ऋण

1947 च्या फाळणीत सिंधमधून उखडलेली कुटुंबे अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात, अकोल्याच्या सिंधी कॅम्पात उतरली. ना शेत, ना ओळख. अनेकांनी फेरीवर पोट भरले, मग दुकाने थाटली. थोडा नफा, मोठी उलाढाल आणि खेड्यातल्या दुकानदाराला उधारीवर माल, ही त्यांची रीत. कापसाच्या गाठी बाहेर धाडणाऱ्या वऱ्हाडात कापडाची घाऊक बाजारपेठ उभी राहिली, त्यात या व्यापाऱ्यांचा वाटा मोठा आहे. हमाल, शिंपी, रिक्षावाले यांच्या चुलीही त्यावर पेटतात. निर्वासित म्हणजे ओझे, असे मानणाऱ्यांनी हा बाजार पाहावा. या व्यापाऱ्यांचे ऋण मात्र फिटलेले नाही. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा 1954 चा. तरीही राज्यातील अनेक सिंधी वसाहतींत जागेच्या मालकीचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. सरकारने या जागांचे पट्टे आता विनाविलंब रहिवाशांच्या नावावर करून द्यावेत.