इराण्याचे हॉटेल आणि इंद्रलोकातील गाळा

मुंबईतील एखादे जुने इराणी हॉटेल बंद झाले की वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त होते. संगमरवरी टेबले, काळ्या लाकडाच्या खुर्च्या आणि ब्रून-मस्का यांच्या आठवणी निघतात आणि चार दिवसांत विषय मागे पडतो. ही हळहळ खोटी नाही. परंतु परमुलखातून आलेल्या कुटुंबांचे हे छोटे धंदे दोन-तीन पिढ्या टिकले कशाच्या बळावर, हा प्रश्न तीत बुडून जातो. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकासारख्या नव्या वस्तीला तर तोच अधिक जिव्हाळ्याचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी इराणातील याझ्द आणि केरमान भागांतून जरथुष्ट्री कुटुंबे मुंबईस आली. मागे दारिद्र्य होते, तसाच धार्मिक जाचही. त्यांच्यावरील जिझिया कर १८८२ मध्ये उठला, तोही मुंबईच्या पारशांनी पाठविलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांच्या प्रदीर्घ खटपटीनंतर. येथे आलेल्या बहुतेकांजवळ भांडवल नव्हते. होती ती अंगमेहनत आणि ज्ञातिबांधवांची साथ. इतरांनी अशुभ म्हणून टाळलेले कोपऱ्यावरचे गाळे त्यांनी घेतले, असे सांगतात. अशा गाळ्याला दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते, हा व्यवहार त्यांना उमगला. धोबीतलावजवळ १९०४ मध्ये 'कयानी', बॅलार्ड इस्टेटीत १९२३ मध्ये 'ब्रिटानिया', पुण्यात १९३५ मध्ये 'गुडलक' उभे राहिले. 'ब्रिटानिया'च्या संस्थापकांचे पुत्र बोमन कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही गिऱ्हाइकांच्या टेबलापाशी जाऊन विचारपूस करीत. २०१९ मध्ये ते निवर्तले. कारकून, विद्यार्थी, गिरणी कामगार यांना एका कपाच्या मोबदल्यात घटकाभर बसण्याची जागा या हॉटेलांनी दिली. जातपात न विचारता ती मिळे, हे त्या काळी लहान कार्य नव्हते.

मात्र केवळ सचोटी आणि कष्ट यांवर दुकान तीन पिढ्या चालत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे बांधले गेले आणि भाडेकरूच्या पश्चात त्याच्यासह धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला जागेचा हक्क मिळाला. या वारशाचा तो न दिसणारा खांब होय. त्याची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. गोठलेल्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना, इमारती खंगल्या आणि पुनर्विकासाची वेळ आली. शिवाय मुलाने पहाटेपासून भट्टीपाशी राबू नये म्हणूनच बापाने त्याला शिकविले. तो मुलगा डॉक्टर किंवा अभियंता झाला आणि दुकान थांबले, तर त्यास ऱ्हास म्हणण्यापेक्षा दुकानाचे सार्थक म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

आता इंद्रलोकाकडे वळू. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. या लोंढ्याबरोबर कोकण, गुजरात, राजस्थान, उत्तर प्रदेश अशा नाना मुलखांतून आलेली कुटुंबे इमारतींच्या तळमजल्यावर किराणा, शिलाई, फरसाण यांची दुकाने चालवितात. वारशाची पहिली पिढी म्हणतात ती हीच. परंतु ज्याचा गाळा अकरा महिन्यांच्या करारावर आहे, त्याने भट्टी बांधावी, कारागीर घडवावा, मुलाला धंद्यात बसवावे, ते कोणत्या भरवशावर?

गोठलेले भाडे परत आणावे, असे कोणी म्हणणार नाही. तो प्रयोग मालक व इमारत दोघांनाही जाचला. मात्र वाजवी वाढीची अट घालून पाच-दहा वर्षांचे नोंदणीकृत करार रूढ करणे आणि पुनर्विकासात जुन्या दुकानदाराला त्याच इमारतीत तळमजला मिळेल याची हमी देणे अशक्य नाही. शासन व महापालिका यांनी याचा विचार करावयास हवा. सहकारी गृहनिर्माण संस्थांनीही आपल्या सभांत तो घ्यावा. दुकान पुढच्या पिढीने चालवावे की न चालवावे, हे त्या पिढीने ठरवावे; करार संपल्याच्या नोटिशीने नव्हे.