नव्या आवृत्तीचे पैसे देण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेच्या बैठकीत एका विषयावर अर्धा तास चर्चा झाली आणि त्यात एकाही शिक्षकाला काही विचारलं गेलं नाही. विषय शिक्षकांचाच होता. चित्रं, आवाज, अक्षरं आणि प्रश्न एकत्र बांधून पडद्यावरचा धडा ज्यात तयार होतो, त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यायची का? आता ती कायमची विकत मिळत नाही, दरवर्षी वर्गणी भरावी लागते.

एक सदस्य म्हणाले, "जमाना कुठे चाललाय बघा, आपली मुलं मागे राहायला नकोत." दुसरे म्हणाले, "पैसे कशाला घालवता? चाकणला माझ्या ओळखीचा एक पोरगा आहे, फुकट टाकून देईल." पहिल्यांना माना डोलल्या, दुसऱ्यांना हशा मिळाला. माझा विरोध दोघांनाही आहे.

आधी फुकटवाल्यांबद्दल. आमची बैठक तिलावतने सुरू होते. त्याच बैठकीत कुलूप फोडलेल्या सॉफ्टवेअरचा प्रस्ताव येतो आणि कुणाला त्यात चोरी दिसत नाही. हलाल-हरामची आपली सगळी चौकशी मटणाच्या दुकानापाशीच का थांबते? हे मी वरच्या पायरीवरून बोलत नाही. २०११ साली मी पहिले धडे बनवले, तेव्हा माझ्याकडची प्रतही चोरीचीच होती. त्यामुळे लाज कशी गिळायची हेही मला माहीत आहे.

आता जमानावाल्यांबद्दल. माझी मुलं उर्दू माध्यमाची आहेत. त्यांचे वडील भोसरी, चिखली, चाकणच्या कारखान्यांत काम करतात. घरात दखनी वळणाची उर्दू, गल्लीत हिंदी आणि मराठी फक्त माझ्या तासाला. उर्दूत 'ळ' नाही. मूल 'केळं'ला 'केलं' म्हणतं आणि वाक्याचा अर्थच बदलतो. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च वेगळा, हे पुस्तकात दिसत नाही, ऐकावंच लागतं. म्हणून मी आवाजाचे धडे केले. बाळ, फळा, डोळा, केळं. चित्राला बोट लावलं की आवाज येतो. आवाज आमच्या शिपाईमामांचा, घाटावरचा स्वच्छ ळ.

हे सगळं मी फ्लॅशमध्ये केलं. फ्लॅशमध्ये उर्दू लिहिणं म्हणजे शिक्षा होती. अक्षरं सुटी पडायची, उलटी लागायची. मग इनपेजमध्ये वाक्य टाइप करायचं आणि त्याचं चित्र करून चिकटवायचं. १९९४ साली दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने आणलेल्या इनपेजने आपल्याला नस्तालीक छापायला दिलं, त्याचे उपकार आहेतच. पण चित्र झालेलं वाक्य हे वाक्य राहत नाही. ते शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. एका धड्यात माझा एक नुक्ता चुकला. एका नुक्त्याने 'खुदा'चा 'जुदा' होतो, हे उर्दूवाल्यांना सांगायला नको. तो नुक्ता तसाच चुकीचा तीन वर्षं मुलांसमोर राहिला, कारण दुरुस्तीसाठी पान पहिल्यापासून बांधावं लागलं असतं. श्रीलिपीतला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडून ज्यांनी कचरा पाहिलाय, त्या मराठी वाचकांना हे दुखणं कळेल.

२०१० च्या सीएस५ आवृत्तीत उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय आली. आम्ही खूश झालो. २०१३ च्या सीसी आवृत्तीत तीच सोय काढून टाकली गेली आणि जुन्या ॲक्शनस्क्रिप्टवर चालणारे धडेही त्या आवृत्तीत बांधता येईनात. म्हणजे ज्याने इमानेइतबारे अपग्रेड केलं, त्याच्या हातून उर्दू गेली. 'नवं म्हणजे पुढचं' म्हणणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवावं.

मोबाइलवरचं फ्लॅश पुढे न नेण्याचं ॲडोबीने नोव्हेंबर २०११ मध्येच सांगितलं होतं. जुलै २०१७ मध्ये सांगितलं की २०२० संपता संपता फ्लॅश पूर्ण बंद होणार. साडेतीन वर्षांची नोटीस होती! ती वाचली नाही हा माझा दोष, दुसऱ्या कुणाचा नाही. मग लॉकडाऊन आलं. मुलांच्या घरी एकच फोन, तोही वडिलांचा, आणि त्यावर माझा एकही धडा उघडेना. नेमकी गरज होती तेव्हाच ळ गप्प बसला. वाचलं काय? पेनड्राइव्हमधले शिपाईमामांचे सुटे आवाज आणि वहीत लिहिलेली वाक्यं. धड्यातलं जेवढं सॉफ्टवेअरच्या बाहेर होतं, तेवढंच माझं उरलं.

भोसरीत जॉबवर्क करणाऱ्या एका पालकांना मी हे सांगितलं, तर ते हसले. नवी व्हीएमसी घेताना त्यांनी विक्रेत्याला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: माझे जुने प्रोग्रॅम हिच्यावर चालतील का, किती बदलावे लागतील? दुसरा: तुमचा माणूस उद्या आला नाही तर? पार्टचं ड्रॉइंग मशिनच्या पोटात ठेवत नाहीत, ते त्यांच्या कपाटात असतं. सातवी शिकलेल्या माणसाला हे कळतं. आणि आम्ही बीएड, एमएड झालेली मंडळी धडाच मशिनच्या पोटात ठेवून वर दरवर्षी भाडं भरायला निघालो आहोत. ज्या वर्षी वर्गणी थकेल, त्या वर्षी मूळ फाइल उघडून एक नुक्ताही हलवता येणार नाही.

"मग तुमचा पर्याय काय, सर?" असं नेहमी विचारलं जातं. मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाइलीत. आवाज वेगळे, चित्रं वेगळी. बांधणी एचफाइव्हपी या मुक्त साधनात, जे परवान्यासाठी पैसे मागत नाही आणि ज्यातला धडा लुमीसारख्या फुकट, कायदेशीर संपादकातून साधी वेब फाइल म्हणून बाहेर काढता येतो. यात उड्या मारणारी कार्टून होत नाहीत, हे मान्य. शिकायला वेळ लागतो आणि शिक्षकाला तो वेळ संस्थेनेच द्यावा लागतो, हेही खरं. वर्गणीचे पैसे मला त्या वेळेसाठी हवे आहेत.

नवं सॉफ्टवेअर घेऊच नका, असं मी म्हणत नाही. एखादं सॉफ्टवेअर उर्दू नीट लिहीत असेल आणि आमचा माल आम्हाला परत देत असेल, तर मी स्वतः सही करीन. पण माहितीपत्रक बघून नाही.

पुढची बैठक जुम्याच्या नमाजनंतर आहे, विक्रेता येणार आहे. त्याला मी एकच ओळ टाइप करायला सांगणार आहे: उर्दू वाक्य, मधे 'डोळा' हा शब्द देवनागरीत आणि पुढे पुन्हा उर्दू. मग त्या ओळीत एक नुक्ता बदलायला लावणार. मग इंटरनेट बंद करून तो धडा एका पालकाच्या तडा गेलेल्या फोनवर उघडायला सांगणार. त्या पालकांची सेकंड शिफ्ट आहे. फोन अडीचपर्यंतच मिळेल, असं त्यांनी कळवलंय.