विचारपूस कोणी करायची?

पूर्णेकाठच्या केदारखेड्याहून, किंवा भोकरदन तालुक्यातील तशाच एखाद्या गावाहून, जो मुलगा महाविद्यालयीन शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला अथवा पुण्याला जातो, त्याच्या खर्चाची तजवीज घरची माणसे सोयाबीन-कपाशीच्या पैशातून, प्रसंगी उसनवारी करून, मोठ्या निष्ठेने करतात. परंतु तेथे तो मन मोकळे करतो तरी कोणापाशी, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ‘कॉट बेसिस’वर घेतलेल्या खोलीत चार लोखंडी खाटा, प्रत्येकीखाली एकेक पेटी, आणि चारही मुले अभ्यासिकेतून रात्री उशिरा परतणारी. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. नेमका त्याच वेळी आईचा फोन येतो. ‘जेवला का रे?’ या प्रश्नाला तो ‘हो, जेवलो’ म्हणतो, कारण घरच्या पीककर्जाचा आकडा त्याला ठाऊक असतो आणि त्यात आपल्या मनाच्या व्यथेची भर घालणे त्याला अपराधासारखे वाटते. या मौनालाच आपण समंजसपणा म्हणून नावाजतो, आणि तेथेच समाजाची मोठी गफलत होते.

पूर्वीच्या विद्यार्थ्यांना कष्ट कमी होते, असे मुळीच नव्हे. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. दारिद्र्य तेथे पाचवीला पुजलेले होते, तथापि उपाशी मुलाचा चेहरा ओळखणारे माणूस त्याच छपराखाली नांदत होते. आज शासन निर्वाहभत्ता बँकखात्यात जमा करते. तो हवाच, पण खात्यातील रक्कम कोणाची विचारपूस करीत नाही.

ही विचारपूस किती निकडीची आहे, ते आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्राचा १,७६४ हा आकडा सर्वाधिक होता. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असा आदेश दिला. त्याचा अंमल झाला आहे किंवा नाही, हे प्रवेशाची फी भरण्यापूर्वी पालकांनी प्राचार्यांना स्पष्ट विचारावे. तो आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला? ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा शासकीय क्रमांक अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. तो आपल्या मुलाच्या, मुलीच्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून द्यावा, ही वाचकांना कळकळीची विनंती.