सूचना छापली, पण आतल्या मजकुराचे काय?

आर. एफ. क्वांग यांची ‘द पॉपी वॉर’ ही २०१८ची इंग्रजी कादंबरी. जादू, देवता, सैनिकी शाळा असा सगळा थाट. पण तिच्या पोटात आहे १९३७मध्ये जपानी सैन्याने नानजिंग शहरात केलेले हत्याकांड, कैद्यांवरचे वैद्यकीय प्रयोग आणि अफू. शाळकरी मुलीच्या करामती वाचायला बसलेला वाचक उत्तरार्धात हादरतो. लैंगिक हिंसा, अमली पदार्थ, स्वतःला इजा यांची सूचना पहिल्याच पानावर हवी, ही मागणी अशा पुस्तकांबाबत होते ती त्यामुळेच.

मागणी रास्त वाटते. मात्र सूचनांचा परिणाम संशोधकांनी तपासला आहे. २०२३मध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात १२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सूचना मिळाल्याने पुढच्या मजकुराचा त्रास कमी झाला नाही; उलट तो समोर येण्यापूर्वीची धास्ती तेवढी वाढली. सूचना वाचून लोक मजकूर टाळतात, असेही ठळकपणे दिसले नाही. यात नवल नाही. पुढे वाईट आहे एवढे कळल्याने ते सोसायचे कसे हे कळत नाही. आघातोत्तर ताणाच्या रुग्णाला आठवणींना सामोरे नेले जाते ते तज्ज्ञाच्या सोबतीने, पायरीपायरीने. शिवाय अनेकांच्या जखमेची खपली एखाद्या वासाने, आवाजाने निघते. ते कोणत्या यादीत बसवणार?

म्हणून सूचना काढून टाकाव्यात असे नाही. आज हे वाचायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क वाचकाला आहेच. एक-दोन ओळींची, नेमकी सूचना पुरे. तिला उपचार समजू नये, इतकेच.

खरी अडचण चित्रणाची आहे. कादंबरीतली रिन पाळीमुळे शिक्षणात खंड पडू नये म्हणून गर्भाशय कायमचे निकामी करणारे औषध पिते. काही काळ असह्य वेदना, आणि कथा पुढे सरकते. असे औषध अस्तित्वात नाही. असा हिशेब मात्र आहे, आणि तो महाराष्ट्राला ठाऊक आहे. बीड जिल्ह्यात २०१९च्या शासकीय पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. खाडा झाला की मजुरी बुडते, दंड बसतो. पिशवीबरोबर अंडाशयही गेले तर रजोनिवृत्ती तिशीतच येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. कादंबरीने आरोग्यपत्रिका व्हावे असे कोणी म्हणणार नाही. पण महत्त्वाकांक्षेची किंमत म्हणून गर्भाशय देणे इतके सुटसुटीत दिसते, तेव्हा ‘शरीराला इजा’ या दोन शब्दांच्या सूचनेने काही साधत नाही.

हीच रिन प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासात झोप येऊ नये म्हणून हातावर तापलेले मेण ओतते, आणि परीक्षेत पहिली येते! नीट किंवा स्पर्धा परीक्षेच्या धास्तीत असलेल्या मुलाने हे वाचले तर? पुस्तक हिसकावून घेण्याची गरज नाही. रिनचे पटले का, एवढे घरच्यांनी विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. मुलगा उन्हाळ्यातही बाह्या खाली ओढून बसत असेल, तर पुस्तकाची चर्चा बाजूला ठेवून त्याला मानसोपचार विभागात न्यावे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत शासकीय दूरध्वनी सेवा चोवीस तास सुरू असते; मराठीतही बोलता येते.