त्रेपन्न वेळा, दोन भाषांत

ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. सासूबाई उत्तनहून मीरा रोडला आमच्याकडे राहायला येतात आणि घराचं टाइमटेबलच बदलतं. रात्री साडेआठला टीव्ही बंद! मी चर्चगेटहून उभ्यानं प्रवास करून आलेली, धाकटा सोफ्यावरून उड्या मारतोय. पण 53 ‘नमो मारियां’तली एकही कमी होत नाही.

गुरुवारी तर धमाल. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002मध्ये जपमाळेत प्रकाशाची पाच रहस्यं वाढवली, गुरुवार त्यांचा. मोठीला कॅटेकिझममध्ये तेच शिकवलंय. सासूबाई मात्र जुन्या पंधरांवर ठाम. “माझ्या आयनं शिकवली तेवढी पुरेत!”

मोठीची यंदा फर्स्ट कम्युनियन. परवा तिनं विचारलं, “मम्मी, आजीची मारिया आणि आपली मेरी वेगळ्या आहेत का गं?”

मी हसले खरी, पण रात्री झोप लागेना. शाळा इंग्लिश, मिस्सा इंग्लिश, कॅटेकिझम इंग्लिश. हे सगळं मीच निवडलेलं, सोयीचं म्हणून. उद्या आजी अंथरुणाला खिळली तर हिनं उशाशी बसून कुठल्या भाषेत जप करायचा?

काल मग सासूबाईंनी प्रार्थनेचा पहिला अर्धा मराठीत म्हटला, मोठीनं उरलेला अर्धा इंग्लिशमध्ये. दहाव्या मण्यानंतर तिनं हळूच मराठीत म्हणून पाहिलं. अडखळली. सासूबाई थांबल्या, शब्द सांगितला, पुढे गेल्या. धाकट्याचं ‘आमेन’ भलत्याच जागी.

मी ऐकतच राहिले. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भाताचा पार गिचका झाला.