हिंदी न येणारा हिंदी दिग्दर्शक

ज्याला हिंदी बोलता येत नाही अशा माणसाने हिंदी बोलपट दिग्दर्शित केले, असं सांगितलं तर पटेल? आणि एखाद-दुसरा नव्हे हं, चांगले डझनाहून जास्त! या गृहस्थांचं नाव फ्रान्झ ऑस्टेन.

ऑस्टेन जर्मनीतल्या म्युनिकचे. जन्म १८७६ चा. वडील फोटोग्राफर, धाकटे भाऊ पीटर सिनेमाच्या धंद्यात. हिमांशु राय नावाचा बंगाली तरुण १९२४ मध्ये भागीदार शोधत म्युनिकला पोहोचला. गौतम बुद्धावर त्याला चित्रपट काढायचा होता. त्यासाठी ऑस्टेन पुढच्या वर्षी जोसेफ विर्शिंग या कॅमेरामनला घेऊन मुंबईत उतरले. 'प्रेम संन्यास' तयार झाला, बुद्ध झाले स्वतः राय! मग 'शिराज' आणि 'प्रपंच पाश' आले. तिन्ही मूकपट, त्यामुळे भाषेची अडचणच नव्हती.

त्या काळी सिनेमावाल्यांची नजर जर्मनीकडे असायची. 'प्रभात'चे व्ही. शांताराम १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करून आणायला तिकडेच गेले होते. (रंग काही मनासारखे उतरले नाहीत, ते सोडा.)

पुढे १९३४ मध्ये राय आणि त्यांची पत्नी देविकाराणी यांनी मालाडला 'बॉम्बे टॉकीज' काढली आणि ऑस्टेनना पुन्हा बोलावलं. आता चित्रपट बोलू लागले होते. पण मूकपटात मुरलेला हा माणूस! शब्द कळले नाहीत तरी चेहरा खरं बोलतोय की नाही, हे त्याला कळत असणार. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका लाजऱ्या तरुणाला रायनी नायक केलं, तेव्हा मात्र ऑस्टेननी नाक मुरडलं म्हणतात. तो तरुण म्हणजे अशोककुमार!

याच जोडीचा 'अछूत कन्या' १९३६ मध्ये आला. रेल्वे फाटकावरच्या गेटमनची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप. लहानपणापासून एकमेकांवर जीव, पण जात आड येते. शेवटी भांडणारी माणसं रुळावर असताना गाडी थांबवायला कस्तुरी धावते आणि जीव गमावते. शिवाशिव पाळणाऱ्या समाजाला हा चित्रपट तेव्हा चांगलाच झोंबला.

आता एक अवघड गोष्ट. त्याच १९३६ साली ऑस्टेन हिटलरच्या नाझी पक्षाचे सभासद झाले. माणसामाणसांत उच्च-नीच मानणं हाच ज्या पक्षाचा पाया, त्या पक्षाचे! हे सांगूच नये असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. चित्रपट चांगला आहे आणि हेही खरं आहे. दोन्हींचा मेळ कसा घालायचा, यावर आईबाबांशी जरूर वाद घाला.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं. इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मनांना पकडलं. 'कंगन' चालू होता, तो अर्धा टाकून ऑस्टेनना स्थानबद्धतेत जावं लागलं. वय साठीपलीकडचं, म्हणून १९४० मध्ये सुटका झाली. ते जर्मनीला परतले आणि १९५६ मध्ये तिकडेच वारले.

विर्शिंगही स्थानबद्ध होते. युद्धानंतर ते मात्र इथेच राहिले. 'महल'मधला तो अंधार-उजेडाचा खेळ त्यांचाच. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांनी चित्रित केलेला 'पाकीजा' अपुराच होता. तो पडद्यावर यायला १९७२ उजाडलं. घरी आजीला विचारून पाहा, तिने तो नक्की पाहिला असेल!